जांभळ्या टोपीच्या नळ्या : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२३, सोमवार

खोलीची किल्ली मिळाली. तळमजला, उत्तरेची भिंत, एक खिडकी. तळमजला मुद्दाम मागितला होता, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी फोकस हलतो. आधीच्या प्रकल्पातून उरलेलं सामान: ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, मायक्रोस्कोप, स्पेक्ट्रोमीटर. एसी गळतो. विभागाच्या शिपाईमामांनी खाली बादली ठेवून दिली आणि "पावसाळा संपला की थांबेल" असं सांगून गेले.

काम काय ते एकदा स्वतःसाठी लिहून ठेवते. रक्तातल्या लाल पेशीवर लेझर टाकायचा. बहुतेक प्रकाश आहे त्याच रंगाचा परत येतो. कोटीभर फोटॉन परतले तर त्यातला एखादा रंग बदलून येतो, कारण वाटेत त्याने रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा दिलेली असते. हा रामन परिणाम. किती ऊर्जा दिली यावरून रेणूतला कुठला बंध कसा थरथरतो ते कळतं. मधुमेही माणसाच्या पेशीतलं हिमोग्लोबिन वेगळं थरथरतं का, आणि ते आम्हाला ओळखता येतं का, एवढाच प्रश्न.

आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे आकडे मागच्या आठवड्यातच आले. देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. सर म्हणाले, "अहवालाचं पहिलं वाक्य तयार झालं." दुसरं वाक्य माझ्यावर सोपवून ते मीटिंगला गेले.

२० जून, मंगळवार

रुग्णालयात संमतीपत्राचं काम. मी मसुद्यात "प्रकाशवर्णपटीय विश्लेषण" असं लिहिलं होतं. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुझ्या आईला वाचून दाखवलंस का?" नव्हतं दाखवलं. आता वाक्य असं आहे: "तुमची तपासणी झाल्यावर नळीत उरलेल्या रक्ताच्या पेशींवर लेझरचा प्रकाश टाकून अभ्यास केला जाईल. तुम्हाला पुन्हा सुई टोचली जाणार नाही."

तरीही पहिल्याच आजोबांनी विचारलं, "म्हणजे लेझर मला नाही ना लावणार?"

"नाही आजोबा, फक्त उरलेल्या रक्ताला."

"मग घ्या की. नाहीतरी फेकणारच होता."

सही मात्र त्यांनी पूर्ण पत्र वाचूनच केली. दोन्ही पानं, बोट ओळीखाली ठेवून.

आम्हाला हव्यात त्या एचबीएवनसीसाठी घेतलेल्या नळ्या, जांभळ्या टोपीच्या, आत ईडीटीए म्हणजे रक्त गोठत नाही. घरोघरी या तपासणीला "तीन महिन्यांची साखर" म्हणतात, आणि हे नाव इंग्रजी नावापेक्षा चांगलं आहे. साखर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला, व्हॅलिन नावाच्या अमिनो आम्लाला जाऊन चिकटते. त्यासाठी कुठलं एन्झाइम लागत नाही. रक्तात साखर जितकी जास्त, तितकं चिकटणं जास्त. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस हा हिशोब अंगावर वागवते. साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन ६.५ टक्के किंवा वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. तीन महिने म्हणतो खरं, पण आकड्याचा जवळजवळ निम्मा भाग शेवटच्या एका महिन्याचा असतो. गेल्या महिन्यात लग्नसराई असेल तर ती दिसणारच.

४ जुलै, मंगळवार

पहिला वर्णपट, म्हणजे परतलेल्या प्रकाशाचा रंगवार आलेख. म्हणजे पहिला, ज्यात काहीतरी होतं.

सकाळी सिलिकॉनच्या तुकड्यावर ५२०.५ ची रेघ जुळवली. (आकडे वेव्हनंबरचे, म्हणजे परतलेल्या प्रकाशाचा रंग किती सरकला त्याचे, सेंटिमीटरच्या व्यस्तात. पुढे प्रत्येक वेळी लिहीत नाही.) मग पेशी. हिरव्या लेझरला हिमोग्लोबिन स्वतःच भरपूर शोषतं, त्यामुळे हीमचा (हिमोग्लोबिनमधल्या लोह असलेल्या, ऑक्सिजन धरणाऱ्या भागाचा) सूर मोठ्याने ऐकू येतो. पण ४८४ च्या आसपास एक सुईसारखी टोकदार रेघ, जी कुठल्याच शोधनिबंधात नाही. दुपारी दोनपर्यंत मी तिच्या प्रेमात होते. वहीत तीन संभाव्य अर्थ लिहून काढले, त्यात एक तर चक्क साखरेचा.

मग मामांनी व्हरांड्यातली ट्यूबलाइट बंद केली, रोजच्यासारखी जेवायला जाताना, आणि रेघ गेली. ट्यूबमधल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची रेघ दाराच्या फटीतून आत येत होती. गणित केलं तर ५३२ पासून ५४६.०७ म्हणजे बरोबर ४८४. फटीला काळा कागद लावला.

११ जुलै, मंगळवार

पेशी जळतात. हिरव्या लेझरखाली १० सेकंदांत मधोमध काळपट ठिपका, २० सेकंदांत पेशी आक्रसते. वर्णपटात १२४८ ची रेघ वाढत जाते, म्हणजे हीमचे रेणू एकमेकांना चिकटून गोळा होत आहेत. ज्यामुळे सूर मोठ्याने ऐकू येतो त्याच शोषणामुळे पेशी शिजते. पॉवर कमी केली तर सूरही गेला. कांद्याच्या फोडणीसारखं आहे, मंद आच ठेवली तर वास येत नाही, वाढवली तर करपतं.

सरांना सांगितलं, ७८५ नॅनोमीटरचा लेझर लागेल. सर म्हणाले, "माहीत होतं." मग सुरुवातीला का नाही सांगितलं? "सांगितलं असतं तर तू पेशी जळताना पाहिली असतीस का?" यावर चिडावं की नाही ते ठरत नाहीये.

२७ जुलै, गुरुवार

७८५ चा डायोड लेझर शेजारच्या गटाकडून उसना, डिसेंबरपर्यंत (पुढे मुदत वाढली, पण फुकट नाही, दर शुक्रवारी त्यांची स्पेक्ट्रोमीटरची कामं मी करते). अवरक्ताच्या कडेला असल्यामुळे हिमोग्लोबिन तो फार कमी शोषतं. पेशी तग धरते. आता अडचण काचेची. साधी स्लाइड ७८५ खाली स्वतःच चमकते, १४०० च्या आसपास भली रुंद टेकडी उभी राहते आणि हीमची महत्त्वाची १३७५ ची रेघ नेमकी त्या टेकडीवर बसलेली.

उपाय कॅल्शियम फ्लोराइडची चकती. तिची स्वतःची एकच रेघ, ३२२ वर, आमच्या कामाच्या भागापासून लांब. एका चकतीची किंमत ऐकून अकाउंट्समधल्या बाईंनी विचारलं, "हिरा आहे का?" दोन मागवल्या. एक धुताना सिंकमध्ये पडली आणि तिचा टवका उडाला. उरली दीड.

९ ऑगस्ट, बुधवार

आजचा दिवस जपून लिहिते.

६० पटीचं, पाण्यात बुडवून वापरायचं ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपचं भिंग). पेशी बफरमध्ये (क्षारांच्या सौम्य द्रावणात) तीनदा धुतलेल्या, चकतीवर पॉलिलायसिनचा पातळ थर, म्हणजे त्या तळाला चिकटून बसतात. वरून पाहिलं तर बशा मांडून ठेवल्यासारख्या, मधे खोलगट, कडा जाड. प्रत्येक साधारण ७ ते ८ मायक्रॉन. एक निवडली, मधल्या खळग्याच्या जरा बाजूला लेझर आणला, १० मिलिवॅट, २० सेकंद.

पडद्यावर आधी नुसती खरखर. दुसऱ्या २० सेकंदांनंतर ७५४ वर उंच रेघ, हीमच्या पायरोल कड्यांचा श्वास. १००३ वर बारीक पण स्वच्छ, फिनाइलअॅलनिन, म्हणजे प्रथिनाची खूण. १२२४. १३७५. १५४७. आणि उजवीकडे १६२० च्या खांद्याला खांदा लावून १६४०. ही शेवटची असली म्हणजे हिमोग्लोबिनला ऑक्सिजन लागलेला आहे. ऑक्सिजन गेला की ती खाली बसते आणि १६०४ वर येते. एकाच पेशीत, माझ्या डोळ्यांसमोर, एका माणसाचा श्वास.

एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. एचबीएवनसी ६.५ असेल तर ढोबळ हिशोबाने पावणेदोन कोटींवर साखर. ५.५ असेल तर दीड कोटीला थोडे कमी. आजारी आणि निरोगी यांच्यात फरक सत्तावीस लाख रेणूंचा, तोही २७ कोटींच्या गर्दीत. शिवाय साखर बसते साखळीच्या टोकाला आणि आम्ही ऐकतो हीमचा आवाज, जो रेणूच्या पोटात आहे. शेजारच्या वाड्यात पाहुणे आले की नाहीत हे आपल्या घरातल्या भांड्यांच्या आवाजावरून ओळखायचं, असं हे काम. सरांना ही उपमा आवडली नाही.

मामा दारात येऊन उभे. मी फोनवर मैत्रिणीला सांगत होते, "पीक मस्त आलंय, इतकं शार्प की बास." फोन ठेवल्यावर मामांनी विचारलं, "कुठं, गावाकडं? आमच्याकडं तर पाऊसच नाही."

२४ ऑगस्ट, गुरुवार

काल संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम चंद्रावर उतरलं. सगळा विभाग सेमिनार हॉलमध्ये, पेढे, शिट्ट्या. आज सकाळी कळलं की दोन नळ्या रात्रभर टेबलावरच राहिल्या. प्लाझ्मा (रक्तद्रव) गुलाबी, म्हणजे पेशी फुटलेल्या. टाकून दिल्या, नोंदवहीत "चांद्रयान" असं कारण लिहिलं.

कामाची घडी बसली आहे. रुग्णालयातले दादा मधुमेहींच्या नळ्या दुपारी बाजूला काढतात, तिथेच धुऊन, घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवतात. मी दुसऱ्या दिवशी थर्मोकोलच्या खोक्यातून आणते. निरोगींचे नमुने विभागातल्या मुलामुलींचे, सकाळी १० ला आरोग्य केंद्रात घेतलेले, ११ वाजता चकतीवर. प्रत्येकाच्या २५ पेशी.

१४ सप्टेंबर, गुरुवार

मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव. संध्याकाळी ६ नंतर फोकस टिकत नाही, प्रत्येक ठोक्याला पेशी पडद्यावर नाचते. ताशा चालतो, ढोल नाही. वारंवारतेचा प्रश्न आहे. विसर्जनापर्यंत मोजमाप सकाळी.

२६ सप्टेंबर, मंगळवार

१२ मधुमेही, १२ निरोगी, ६०० वर्णपट. पार्श्वभूमी वजा, गुळगुळीत, सगळे एका मापाला आणले. मग मुख्य घटक विश्लेषण (वर्णपटांतले सर्वांत मोठे फरक वेगळे काढण्याची गणिती पद्धत) आणि त्यावर वर्गीकरण. ६०० पैकी ४८० शिकायला, १२० परीक्षेला, चिठ्ठ्या टाकून निवडलेले.

१२० पैकी ११६ बरोबर.

सरांनी खुर्ची ओढून घेतली. आलेखावर दोन वेगळे ढग, निळा आणि लाल, मधे मोकळी जागा. सर दहा मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग परिषदेचा गोषवारा उघडून स्वतः "९७ टक्के" टाइप केलं. संध्याकाळी आरतीला माझा आवाज सगळ्यांत मोठा होता असं आई म्हणाली.

४ ऑक्टोबर, बुधवार

काल भौतिकशास्त्राचं नोबेल प्रकाशाच्या अॅटोसेकंद (अतिसूक्ष्म काळाच्या) स्पंदांना. तिघांपैकी फेरेन्स क्राउस यांचा म्युनिकचा गट हल्ली अवरक्त लेझरच्या अतिलघु स्पंदांनी रक्तद्रवाचे "ठसे" घेतो आणि त्यावरून आजार ओळखायचा प्रयत्न करतो. आपण एकटे वेडे नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

गटाच्या बैठकीत मांडलं. टाळ्या पडल्या. मग संख्याशास्त्राच्या मॅडम, ज्या फक्त चहासाठी येतात असं आम्ही समजत होतो, म्हणाल्या, "चिठ्ठ्या पेशींच्या टाकल्या की माणसांच्या?"

पेशींच्या.

"म्हणजे एका माणसाच्या २० पेशी शिकवताना दाखवल्या आणि त्याच्याच ५ परीक्षेत विचारल्या. पेपर फुटलेला आहे."

खरं आहे. यंत्राने मधुमेह ओळखला नसेल, माणूस ओळखला असेल. आता एक माणूस पूर्ण बाजूला ठेवायचा, बाकी २३ वर शिकवायचं, मग त्याला विचारायचं. असं चोवीस वेळा. रात्री चालवलं: २४ पैकी २१ बरोबर. मला हायसं वाटलं. उगाच वाटलं, ते पुढच्या आठवड्यात कळलं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमच्या प्रश्नानंतर झोप नीट लागत नव्हती. यंत्र नेमकं कशाकडे बघून ठरवतं ते पाहायला पहिल्या घटकाचं लोडिंग (कुठल्या रेघेला किती वजन दिलं त्याचा आलेख) काढलं. १६४० वर खोल खळगा, १६०४ वर उंचवटा. ही साखर नाही, हा ऑक्सिजन आहे. साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जरा घट्ट धरून ठेवतं हे खरं, पण मग मधुमेहींत १६४० वाढायला हवी होती. इथे उलटं.

चौकशी न लांबवता सोपी परीक्षा घेतली. काल सकाळी आरोग्य केंद्रात माझंच रक्त काढलं. माझा एचबीएवनसी ५.२. निम्मं लगेच धुऊन मोजलं: २५ पैकी २४ पेशी "निरोगी". उरलेलं निम्मं दादांच्या पद्धतीने: धुतलं, बूच घट्ट, पेशींचा गाळ तळाशी, रात्रभर फ्रिज, थर्मोकोलचं खोकं, रिक्षात एक फेरी. (रिक्षाची फेरी खरंच मारली. मीटरप्रमाणे पैसे दिले, पावती मिळणार नाही.) आज दुपारी मोजलं.

२५ पैकी १९ पेशी "मधुमेही".

एका रात्रीत मला मधुमेह झाला.

आम्ही दोन महिने ताजं आणि शिळं ओळखत होतो. मधुमेहींचं रक्त एक दिवस जुनं, निरोगींचं एका तासाचं. बंद नळीतल्या गाळात ऑक्सिजन कमी होत जातो, पेशींचा आकार बदलतो, बशीला काटे फुटतात. यंत्राने प्रामाणिकपणे सर्वांत मोठा फरक शोधला आणि आम्ही त्याला आमच्या मनातलं नाव दिलं. दादांची यात काही चूक नाही, धुवून ठेवा असं मीच सांगितलं होतं, माझा धुण्याचा वेळ वाचावा म्हणून.

१८ ऑक्टोबर, बुधवार

सरांना सांगितलं. त्यांनी आलेख दोनदा पाहिला, "ठीक आहे" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

सर दोन दिवसांनी बोलले. गोषवारा मागे घेतल्याचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, कारणासकट. मला वाटलं होतं कारण गाळतील.

६ नोव्हेंबर, सोमवार

नव्याने सुरुवात. आधीचे ६०० वर्णपट एका फोल्डरमध्ये, नाव "शिळं". पुसवत नाहीत.

नवी शिस्त: सगळे नमुने रुग्णालयातूनच, मधुमेही आणि निरोगी दोन्ही, एकाच सकाळी घेतलेले, एकाच खोक्यात. धुणं माझ्या हातून, इथेच. रक्त काढल्यापासून लेझरपर्यंत ४ तासांच्या आत, नाहीतर नमुना बाद. नळीवर फक्त क्रमांक, कुणाचं काय ते पॅथॉलॉजीच्या मॅडमच्या कपाटात बंद, मला शेवटपर्यंत कळणार नाही. धुतलेल्या पेशी उघड्या हवेत १५ मिनिटं हलवायच्या, म्हणजे सगळ्यांना सारखाच ऑक्सिजन. आणि प्रत्येक पेशीची १२४८ तपासायची, वाढली असेल तर ती पेशी भाजली, बाद.

वयाचाही घोळ होता, तो आता दिसतोय. आमचे निरोगी सगळे विशीतले, मधुमेही पन्नाशीच्या पुढचे. आता वयाच्या जोड्या लावून नमुने घ्यायचे. हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही, याला उत्तर नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

जागतिक मधुमेह दिन, इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. यंदा नेमका पाडवा. घरी चिरोटे, अनारसे, करंज्या. आईने डबा मधुमेहाच्या गोळ्यांच्या पाकिटाशेजारीच ठेवला आहे. "एकच खाते," असं तिने चौथ्यांदा सांगितलं.

१२ डिसेंबर, मंगळवार

सत्तावीस नमुने झाले. आज पॅथॉलॉजीच्या मॅडमनी एकाबद्दल मुद्दाम फोन केला. नाव नाही, फक्त क्रमांक आणि आकडे: बाई, वय ३४, एचबीएवनसी ६.६. आमच्या व्याख्येने मधुमेही. पण उपाशीपोटी साखर ९४. हिमोग्लोबिन ८.१, पेशी लहान आणि फिकट. लोहाची कमतरता.

मॅडमनी समजावलं. लोह कमी असलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि जुन्या पेशीने साखर जास्त दिवस पाहिलेली असते. आकडा वर सरकतो, आजार नसताना. उलटीकडे पेशी लवकर फुटत असतील तर आकडा खोटाच खाली येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे, तिथे हिमोग्लोबिनच वेगळं, काही यंत्रं ते पाहून गोंधळतात. "आपल्याकडच्या बायकांमध्ये अॅनिमिया इतका आहे," मॅडम म्हणाल्या, "की मी नुसत्या एवनसीवर कुणाला गोळी लिहीत नाही."

मी फोन ठेवून बराच वेळ बसले. आम्ही यंत्राला ज्या उत्तरपत्रिकेवरून शिकवतोय, तिच्यातच चुका आहेत. ही बाई मधुमेहींच्या रकान्यात ठेवू की निरोगींच्या? कुठेही ठेवली तरी यंत्र काहीतरी चुकीचं शिकेल. शेवटी तिला बाद केलं, आणि यापुढे प्रत्येक नमुन्यासोबत हिमोग्लोबिन आणि पेशींचं आकारमान मागायचं ठरलं.

पण याच फोनमुळे एक गोष्ट डोक्यात आली, ती विसरायला नको. एवनसी सरासरी सांगते. आम्ही एकेक पेशी पाहतो. एकाच थेंबात काल जन्मलेली पेशी आहे आणि चार महिन्यांची म्हातारीही. खऱ्या मधुमेहीत पेशी वयाच्या मानाने जास्त साखर वागवणार. अॅनिमियात पेशीचं वय जास्त, साखर वयाला साजेशी. सरासरीत दोन्ही सारखे दिसतील, विखुरण्यात कदाचित नाही. जुन्या पेशी जड असतात, सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) खाली जातात, म्हणजे वयाप्रमाणे वेगळ्या काढता येतील. सरांना सांगितलं. ते "हं" म्हणाले, पण हा वेगळा "हं" होता.

३० जानेवारी २०२४, मंगळवार

मॅडमनी कपाट उघडलं. ४० माणसं, वीस-वीस, १००० वर्णपट. एकेक माणूस बाजूला ठेवून चाळीस फेऱ्या.

२६ बरोबर.

मधुमेहींत १३, निरोगींत १३. नाणं उडवलं असतं तर वीस आले असते. पुढे खोदून पाहिलं तर एवनसी ९ च्या वर असलेल्या ७ जणांपैकी ६ पकडले गेले, उरलेल्या तेरांत ७, म्हणजे तिथे नाणंच. ज्यांची साखर इतकी वाढलेली आहे त्यांना कळायला लेझर लागत नाही, तहान आणि रात्रीच्या फेऱ्याच सांगतात. जिथे मदत हवी, ६.५ च्या अलीकडे-पलीकडे, तिथे आम्ही आंधळे.

लोडिंग पुन्हा काढलं. यावेळी १६४० जवळजवळ सपाट. जे थोडं उरलंय ते १००० ते ११०० च्या पट्ट्यात आणि १४५० जवळ. पेशीच्या कवचाचं असू शकतं. मधुमेहात लाल पेशी कडक होतात, नीट वाकत नाहीत, हे आधीपासून माहीत आहे. पण ४० माणसांवरून मी यावर पैज लावणार नाही.

सरांना विचारलं, अहवालात काय लिहू. "सव्वीस लिही. आणि एकशे सोळा का खोटे होते तेही पूर्ण लिही, तुझ्या रिक्षासकट."

२८ फेब्रुवारी, बुधवार

विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनी विखुरलेल्या प्रकाशातल्या या नव्या रेघा पाहिल्या, म्हणून. जवळच्या शाळेतून सातवीची मुलं आली. पेशी दाखवण्यात अर्थ नव्हता, ४० सेकंद कुणी थांबत नाही. मी साखरेचा खडा ठेवला, मंदिरात मिळते ती खडीसाखर, आणि हिरवा लेझर. पडद्यावर पाच सेकंदांत रेघांचं रानच उभं राहिलं. मुलं ओरडली.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मग रक्तातली पण अशीच दिसते?"

नाही. तिला खडा दाखवला आणि सांगितलं की मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून विरघळलेली साखर एक चमचाभर असते, आणि आपण बघतो ती पेशी डोळ्यांना दिसतही नाही.

"मग तुम्ही खडा करून बघा ना."

ती पुढच्या टेबलाकडे गेली.

७ मार्च, गुरुवार

खडा केला. म्हणजे थेंब वाळवला. पद्धत नवीन नाही, एमआयटीच्या गटाने साखर लागलेलं आणि न लागलेलं हिमोग्लोबिन असंच वाळवलेल्या थेंबावर वेगळं ओळखलं होतं, २०१२ मध्ये. मी ते वाचून बाजूला ठेवलं होतं, कारण आम्हाला "जिवंत पेशी" हवी होती.

पेशी फोडल्या, कवचं खाली बसवली, वरचं लाल पाणी २ मायक्रोलिटर चकतीवर. टवका उडालेल्या, त्याच अर्ध्यावर. अर्ध्या तासात वाळलं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर टेबलावर सांडलेल्या चहाचा डाग वाळतो तसंच: मधे फिकट, कडेला गडद रिंगण. हिमोग्लोबिन सगळं काठावर येऊन दाटलेलं. लेझर त्या रिंगणावर ठेवला. पेशीवर ४० सेकंदांत जो आवाज मिळत होता, तो इथे ५ सेकंदांत, आणि रेघा इतक्या स्वच्छ की १००३ च्या पायथ्याशी असलेला बारीक उंचवटाही दिसला.

रिंगणावर दहा ठिकाणी मोजलं. दहाही जवळजवळ एकावर एक. मग आतल्या फिकट भागात मोजलं, तर तिथे क्षारांच्याच रेघा, बफरमधल्या. म्हणजे बफरऐवजी साधं डिस्टिल्ड पाणी वापरायला हवं.

वयाप्रमाणे पेशी वेगळ्या काढायचं कामही यातच बसेल: वरच्या थरातल्या तरुण पेशींचा एक थेंब, तळातल्या म्हाताऱ्यांचा एक, दोन रिंगणं शेजारी शेजारी. उद्या महाशिवरात्रीची सुट्टी. दादांना शनिवारी सकाळी सहा नळ्या बाजूला ठेवायला सांगितल्या आहेत, न धुता. "न धुता" हे दोनदा सांगितलं.

एसी अजून गळतो. मामा म्हणाले, "आता उन्हाळा लागला की थांबेल."